आत्मारामचा बाप

चिंचणीत समुद्राकडून गावात शिरणारी रेतीची वाट आहे, तिच्या उजव्या हाताला सावे यांची वाडी. नारळ, पोफळी, थोडे चिकू, आणि मागच्या अंगाला पानवेली. आमच्या गावात पानवेल फारशी कोणी लावत नाही, ती केळव्याची मिरास. पण सावे यांची म्हातारी केळव्याची लेक, आणि लग्न होऊन आली तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून वेलीचे दहा तुकडे घेऊन आली, असं सांगतात. त्या वाडीत ज्याचा जन्म गेला त्या धर्माजीची ही गोष्ट. तो मोठा माणूस नव्हता. त्याच्या हातून गावाचं काही उभं राहिलं नाही आणि काही पडलंही नाही. पण त्याच्यावर जे गुदरलं ते मी दुसऱ्या कोणावर गुदरलेलं पाहिलं नाही, आणि मी माणसं पुष्कळ पाहिली आहेत.

धर्माजी हे मुळात त्याच्या आजोबांचं नाव. आजोबा बेचाळीस सालच्या माघात गेले आणि त्याच वर्षी आश्विनात त्यांच्या एकुलत्या मुलाला, आत्मारामला, मुलगा झाला. आजोबांच्या डाव्या कानाच्या पाळीला एक खाच होती. तरुणपणी खाडीवर बसले असताना शेजारच्याने फेकलेला गळ तिथे अडकला होता. सुईणीने पोर पुसून उजेडाकडे धरलं, तर त्याच्याही डाव्या पाळीला तांदळाच्या दाण्याएवढी खाच. आजीने ती पाहिली. मग तिने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि पोराकडे पाठ न करता, मागे मागे सरत ती खोलीबाहेर गेली. तिचा नवरा घरी आला होता.

आजोबांचं नाव नातवाला ठेवणं आमच्याकडे नवीन नाही. घरोघरी ठेवतात. चार दिवस कौतुक होतं आणि मग ते नाव त्या पोराचं होऊन जातं. सावे यांच्या घरी तसं झालं नाही, कारण ते नाव उच्चारणारंच घरात कोणी नव्हतं. आजीला ते नवऱ्याचं नाव. आईला ते सासऱ्याचं. आणि आत्माराम, तो तर मुलगा. बापाला नावाने हाक कोण मारतं? पाळण्यात घालताना आत्येने कानात कुजबुजलं तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून ते पोर 'आबा' झालं, आणि त्याच्याशी बोलायचं ते 'अहो आबा' असं.

चार वर्षांच्या आबांना घरातलं पहिलं पान वाढत. ते जेवल्याशिवाय आत्माराम घास उचलत नसे. सात वर्षांचे आबा शाळेतून येऊन पाटी भिंतीला टेकवत, तेव्हा खाटेवर बसलेली आजी उठून उभी राहायची. त्यांचं नाक वाहत असलं तर तीच पुसायची, पण आधी पदर सावरून.

पाठची बहीण मंदा तीन वर्षांनी लहान. तिला घरात रीतसर मार बसे. तिच्या पाठीत धपाटा बसला की आबा तिच्याकडे बघत राहायचे, जशी इतर पोरं दुसऱ्याच्या हातातल्या जिलबीकडे बघतात. नऊ वर्षांचे असताना त्यांनी एकदा विहिरीवरचं पाण्याचं मडकं उचललं आणि सगळ्यांदेखत काठावर आपटलं. मग हात मागे बांधून वाट बघत उभे राहिले. आत्माराम वाडीतून आला, खापऱ्या गोळा केल्या, आणि आपल्या आईला म्हणाला, "आबांना जुनं मडकं कधी आवडलं नाय. नवीन आनतो." संध्याकाळी नवीन मडकं आलं. आबांनी पुन्हा काही फोडलं नाही.

शाळेत तरी नाव असतं असं कोणी म्हणेल. पण मराठी शाळेतले गुरुजी आत्मारामचे मावसभाऊ, तेही आबाच म्हणत. पुढे हायस्कुलात मास्तर पटावरचे नंबर पुकारायचे. धर्माजी तिथे एकवीस नंबर होता.

असं ते नाव मोठ्याने ऐकू यायचं वर्षातून एकदाच. पितृपक्षात आजोबांच्या तिथीला नरहरी भटजी ओट्यावर बसून गोत्रासकट त्याचा उच्चार करत. गावात यावरून थट्टा चाले.

"भटजी, पिंड कोनाला ठेवता? मानूस तर समोर पाटावर बसलाय."

"बसू दे," नरहरी भटजी म्हणत. "जेवायलाही तोच बसणार आहे. आपल्याला काय, आपण दोघांनाही आशीर्वाद देऊ."

आजीला ही थट्टा सोसत नसे. तिने एक नियम घालून दिला होता. भटजींनी नाव घेतलं की आबांनी हलायचं नाही. मान खाली, हात मांडीवर, श्वाससुद्धा हळू. बोलावणं गेलेल्याला आहे. आलेला हलला तर कावळा पिंडाला शिवणार नाही. पाच वर्षांपासून चोविसाव्या वर्षापर्यंत, दर भाद्रपदात, आपलं नाव ऐकलं की धर्माजी दगडासारखा बसत आला.

चौसष्ट साली त्याचं लग्न झालं. बायको तारापूरची, विजया. लग्नात तिला उखाणा घ्यायला लावला. तिने ठसक्यात यमक जुळवलं आणि शेवटी नवऱ्याचं नाव घेतलं. मांडवात हसू उठलं, पण आजी चटकन उठून आत गेली आणि दाराआड तोंड झाकून उभी राहिली, नव्या नवरीसारखी. विजया हुशार होती. तिला एका दिवसात कळलं की हे नाव आता तिच्याही तोंडून पुन्हा निघायचं नाही. घरात तीन पिढ्यांच्या तीन सुना, आणि तिघींनाही ते वर्ज्य.

पहिल्या वर्षी ती एकदा मंदाला म्हणाली होती, "तुमच्या घरात मला नवरा मिळाला नाय वन्सं, आजेसासरा मिळाला."

"दोन्ही मिळाले म्हन," मंदा म्हणाली. "हुंड्यात कमी पडलं नाय."

धर्माजीला राग येत नसे. म्हणजे येत असेल, पण तो दिसत नसे. काही मनाविरुद्ध झालं की तो मागच्या अंगाला पानवेलींत जायचा आणि वेल बांधत बसायचा, केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सोपाने, एक एक पेर. पानवेल आधाराच्या झाडावर चढते. वर्षभरात ती हाताच्या वर जाते, मग पानं खुडता येत नाहीत. म्हणून दर वर्षी तिची बंधनं सोडतात, सगळी वेल खाली उतरवतात, पानं गेलेला लांब दांडा वेटोळं करून मातीत पुरतात, आणि फक्त शेंडा पुन्हा झाडाला बांधतात. पुन्हा चढ, पुन्हा खाली. आजी सांगायची, पन्नास वर्षांची वेल असते, पण उंची माणसाएवढीच. धर्माजीचा हात या कामात फार हलका होता. उतरवताना एक पान फाटायचं नाही.

सहासष्ट साली नागोराव आले.

तेव्हा घिवलीच्या बाजूला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि देशावरून माणसांची रीघ लागली होती. बोईसरला उतरायचं आणि मिळेल त्या गावात खोली बघायची. नागोराव परभणीकडचे. वय तिशीच्या आत, मानसशास्त्रात एम. ए., आणि एका ठेकेदार कंपनीच्या भरती कचेरीत नोकरीला. आलेल्या उमेदवारांना कोडी घालायची, चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावायची, कोण कुठल्या कामाला बरा ते लिहायचं, हे त्यांचं काम. शिवाय ते प्रबंध लिहीत होते. सावे यांच्या पडवीतली खोली त्यांनी जेवणासकट घेतली, आणि आठ दिवसांत तेही इतरांचं ऐकून धर्माजीला आबा म्हणू लागले. एवढा शिकलेला माणूस, पण त्यालाही वेगळं सुचलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर दोघे बसत. मीही कधी जाऊन बसे. नागोरावांना बोलायला आवडे आणि धर्माजीला ऐकायला.

"मनाचा शोध घेणारे जे पहिले लोक झाले ना," नागोराव सांगत, "ते विहिरीत वाकून बघत बसले. तळाशी किती गाळ, गाळात काय सडलंय. लई मोठं काम केलं त्यांनी. पण मागून आलेले म्हणाले, गाळ आहे ते खरं. मग पाणी कोण काढतंय? काठावर एक माणूस उभा आहे, त्याच्या हातात दोर आहे, त्याच्याकडे बघा की. तो माणूस म्हणजे 'मी'. तो नुसता वासनांचा गडी नाही. तो जोडतो, सांभाळतो, निवडतो. स्वतःला वाचवायला युक्त्यासुद्धा करतो."

"कसल्या युक्त्या?" धर्माजीने विचारलं.

"आता तुमचंच घ्या. राग आला की तुम्ही वेली बांधायला जाता."

धर्माजी हसला. पण हसून झाल्यावर त्याने बराच वेळ हाताकडे पाहिलं.

"आणि हा 'मी' पाळण्यात पुरा होत नाही," नागोराव पुढे म्हणाले. "पहिल्यांचं म्हणणं होतं, पाच-सहा वर्षांत काय व्हायचं ते झालं. नंतरचे म्हणतात, नाही, मरेपर्यंत चालतं. प्रत्येक वयाचं एक भांडण असतं आणि ते त्या त्या वयात भांडावं लागतं. रांगतं पोर 'माझं माझं' करून भांडतं. विशीतला पोरगा बापाशी भांडतो. तो बापाला विचारत नसतो, स्वतःला विचारत असतो, मी कोण म्हणून. चार वर्षं भटकतो, हे करून बघतो, ते टाकतो, आणि मग कुठे उत्तर सापडतं."

"आणि ज्याने विचारलंच नाय?"

"असतात ना तसे. घरात उत्तर तयार असतं, ते घेतात. वरून बघाल तर शांत, कामाचे, सगळ्यांना आवडणारे."

"त्यांचं काय होतं?"

"काही होत नाही," नागोराव म्हणाले. "तेच तर."

त्याच आठवड्यात त्यांनी गावातल्या वीस-पंचवीस जणांना कोरे कागद वाटले. कागदावर 'मी' या शब्दाने सुरू होणारी वीस वाक्यं लिहायची, विचार न करता, हात चालेल तशी. प्रबंधाला पाहिजे होती. लोकांनी मजेत लिहिली. एकजण चार वाक्यांत दमला आणि पुढे त्याने आपल्या बैलांची नावं लिहिली. मी स्वतः वीसही ओळी भरल्या, आणि नागोराव म्हणाले की तुमच्या कागदावर नुसता तोराच आहे. ते खोटं नव्हतं.

धर्माजीचा कागद त्यांनी ओट्यावर वाचायला घेतला तेव्हा आत्माराम खालच्या पायरीवर नारळ सोलत बसला होता. ते वाचू लागले: मी सावे घराचा कर्ता. मी वाडीचा धनी. मी आत्मारामचा बाप.

नागोराव थांबले. "इथं घाईत चुकलं वाटतं. आत्मारामचा मुलगा म्हणायचं असेल तुम्हाला."

धर्माजीने कागद हातात घेतला. वाचला. त्याला चूक दिसेना. पुन्हा वाचला. खाली बसलेल्या आत्मारामकडे पाहिलं, त्याचे पांढरे झालेले केस, अर्धवट सोललेल्या नारळावर टेकलेले हात. आत्मारामनेही मान वर केली. त्यालाही काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "नागोराव, बरोबर लिवलंय त्यांनी," आणि पुढचा नारळ घेतला.

त्या क्षणी काय झालं ते धर्माजीने मला पुढे सांगितलं. म्हणाला, "मी पंधरा वेळा त्या विहिरीत पडलेलं भांडं काढलंय. गळ टाकला की आधी दगड लागतो, मग चिखल, मग भांड्याची कड. त्या दिवशी मी गळ टाकला तर कायच लागलं नाय. खाली भांडंच नव्हतं."

नागोरावांनी त्या दिवसापासून त्याला नावाने हाक मारायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "धर्माजी, भात घ्या." आजीच्या हातातली पळी खाली पडली. आईने पदर तोंडावर घेतला, विजया चुलीकडे वळली. नागोराव पुढे तसं बोलले नाहीत.

पण त्यांनी दुसरं केलं. बांधकामावर यंत्र चालवायला शिकवण्यासाठी मॅट्रिक झालेली स्थानिक मुलं घेणार होते. दीड वर्ष मुंबईपलीकडे राहायचं, शिकायचं, मग परत येऊन नोकरी. वयाची अट पंचवीस. धर्माजीला चोविसावं चालू होतं. "अर्ज करा," ते म्हणाले. "नोकरी मिळो न मिळो. दीड वर्ष जिथे तुम्हाला कोणी आबा म्हणणार नाही अशा जागी राहून या." धर्माजीने अर्ज भरला. त्याला जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी हवं होतं, आणि ते त्याने विजयाला सांगितलं.

"जा," विजया म्हणाली. "मी पन बघीन, माझा नवरा कसा दिसतो."

आता घरी विचारायचं राहिलं. आणि इथे तो अडकला.

चार वाजताची वेळ होती. आत्माराम कोयत्याला धार लावत होता. धर्माजीने सगळं सांगितलं, दीड वर्ष, यंत्र, सगळं. आत्मारामने कोयता खाली ठेवला, हात पुसले आणि उभा राहिला.

"आबा, तुमी म्हनाल तसं. वाडी तुमची, घर तुमचं."

"मी गेलो तर वाडी कोन बघेल?"

"तुमी सांगाल तो बघेल."

"तुमाला काय वाटतं ते सांगा ना."

"माझं काय. मी तुमच्या शब्दाभायेर कधी गेलो?"

धर्माजीचा आवाज चढला. घरात त्याचा आवाज चढलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला असं विजया सांगते. "नाय म्हना. जाऊ नको म्हना. माझ्यावर एकदा रागवा तरी."

आत्मारामच्या डोळ्यांत पाणी आलं. तो फार साधा माणूस होता. "बापावर कोन रागवतं, आबा?" एवढं म्हणून त्याने वाकून धर्माजीच्या पायाला हात लावला.

दाराला कडी असती तर धर्माजीने ती उपटली असती. भिंत असती तर डोकं आपटलं असतं. इथे सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात कोणीतरी हात जोडून उभं होतं. त्या संध्याकाळी त्याने नागोरावांना विचारलं, "तुमच्या त्या लोकांनी हे लिवलंय का, की भांडायला बापच नसला तर पोराने काय करावं?" नागोरावांनी पुस्तकं उघडली नाहीत.

तरी तो मुलाखतीला गेला, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. चैत्रातली सकाळ. सायकलवरून तो एकटा निघाला. पत्र्याच्या लांब शेडमध्ये बाकांवर साठ-सत्तर पोरं बसली होती. तापलेला पत्रा, सिमेंटची धूळ, बाहेर हिंदीत ओरडणारे मुकादम. आत टेबलावर तीन साहेब, त्यांच्या कडेला नागोराव. दारात एक कारकून कागद घेऊन नावं पुकारत होता. ज्याचं नाव येईल तो आत जाई.

धर्माजी चौथ्या बाकावर होता. आत काय विचारतील, आपण काय सांगू, हे तो मनात घोळवत होता. पहिलं वाक्य त्याने ठरवून ठेवलं होतं.

"धर्माजी आत्माराम सावे."

कारकुनाचा आवाज मोठा आणि सुरात होता, रोज नावं वाचणाऱ्याचा असतो तसा. धर्माजीने तो ऐकला. त्याची मान खाली गेली. हात मांडीवर आले.

"धर्माजी आत्माराम सावे, चिंचणी. है क्या कोई?"

त्याला कळत होतं. हे आपलंच नाव, उठायचं आहे, दहा पावलं चालायचं आहे, हे सगळं त्याला अगदी स्वच्छ कळत होतं. पण गुडघे मातीत पुरल्यासारखे झाले होते. त्याच्या नाकात काळ्या तिळांचा आणि ओल्या दर्भाचा वास आला. या नावाला उठायचं नसतं. हललो तर कावळा शिवणार नाही. वीस वर्षं शरीराला जे शिकवलं होतं ते शरीराने केलं.

तिसऱ्यांदा पुकारलं. मग कारकुनाने पेन्सिलीने रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं.

दुपारी शेड रिकामी झाली तेव्हा नागोराव बाहेर आले. धर्माजी तिथेच, त्याच बाकावर होता.

"अहो, तुम्ही इथंच? मला वाटलं आलाच नाहीत. तीनदा पुकारलं."

"ऐकलं मी."

"मग उठला का नाहीत?"

धर्माजीने सांगितलं. नागोराव बाकावर त्याच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "साहेब अजून आत आहेत. मी जातो, सांगतो की पोटात कळ आली होती. परत पुकारायला लावतो."

"नको."

"का?"

"परत पुकारलं तर मी उठेन, असं तुमाला वाटतं?"

दोघांनी सायकली काढल्या आणि उन्हातून चिंचणीला आले. घरी कोणी काही विचारलं नाही. आजीने पहिलं पान मांडलं. त्या वर्षी पानवेली उतरवल्या तेव्हा धर्माजीने एकट्याने सगळ्या उतरवल्या, आणि एक पान फाटलं नाही.

पुढच्या वर्षी नागोरावांची दुसरीकडे बदली झाली. जाताना त्यांनी तो वीस ओळींचा कागद धर्माजीला परत दिला. "प्रबंधात तुमचं उदाहरण घालणार होतो," ते म्हणाले. "फार चांगलं बसत होतं. म्हणूनच काढून टाकलं." धर्माजीने घडी करून तो कागद आजोबांच्या जुन्या पेटीत, पंचांगाखाली ठेवला.

अडुसष्टच्या पौषात आत्माराम गेला. झोपाळ्यावरून उठताना छातीला हात लावला आणि संपलं. तेव्हा विजयाला चौथा महिना होता.

बाराव्या दिवशी नरहरी भटजी आले. गेलेल्या माणसाचा पिंड त्याच्या बापाच्या, आजाच्या आणि पणजाच्या पिंडात मिसळायचा, असा तो विधी. भटजींनी धर्माजीच्या हातावर पाणी घातलं आणि सांगितलं, हा आत्मारामचा पिंड. आता त्याच्या बापाचा घ्या, नाव घ्या आणि ठेवा. धर्माजीने भाताचा गोळा उचलला. नाव त्याने स्वतः घ्यायचं होतं. त्याने घेतलं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाचा भात दर्भावर ठेवला. ओट्यावरच्या बायकांत कोणीतरी हुंदका दिला. नरहरी भटजी म्हातारे झाले होते. त्यांनी क्षणभर पोथीतून डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि या वेळी थट्टा केली नाही.

त्या क्षणी धर्माजीची मान खाली नव्हती, असं विजयाने मला सांगितलं. तो त्या गोळ्याकडे सरळ बघत होता.

ज्येष्ठात विजया बाळंत झाली. मुलगा झाला. खाच नव्हती, तीळ नव्हता, पण खूण कोणी शोधलीही नाही. सगळ्यांना माहीतच होतं. आजी आता वाकली होती, तरी काठी टेकत आली आणि पाळण्याकडे बघून समाधानाने म्हणाली, "आला. आत्माराम आला. आबांचा आत्माराम आबांना परत मिळाला." आई रडत होती आणि हसत होती. तिलाही आता या पोराचं नाव घेता येणार नव्हतं.

धर्माजी तिथून उठला. पेटी उघडली आणि पंचांगाखालचा कागद काढला. तिसरी ओळ वाचली. दोन वर्षांपूर्वी जी चूक होती ती बारशाच्या दिवशी खरी होणार होती. एक नाव ठेवायचा अवकाश, आणि वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरणार नव्हतं.

बारशाला मंदा पालघरहून आली, तिच्या सासरहून. आत्या म्हणून पोराच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. धर्माजी तिला विहिरीकडे घेऊन गेला.

"पोराचं नाव बन्सी सांग."

मंदा बघत राहिली. "बन्सी? आपल्यात कोन होता बन्सी?"

"कोनी नाय."

"अवो आबा, हे तर देशावरच्या लोकांचं नाव. आजी मला घरात घेनार नाय."

"तिला सांग, आबांनी सांगितलंय."

मंदाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिला हसू फुटलं. लहानपणी पाठीत धपाटे खाल्लेली ती मुलगी, तिला हे लगेच कळलं. "बरं," ती म्हणाली. "आबांच्या शब्दाभायेर आपन कुठे जातो?"

पाळण्यापाशी तिने नाव सांगितलं तेव्हा आजीने काठी जमिनीवर ठेवली. "असं नाव कोन ठेवतं?" तिने विचारलं, पण धर्माजीकडे न बघता, कारण नवऱ्याकडे बघून तिने आयुष्यात काही विचारलं नव्हतं.

"मी ठेवतो," धर्माजी म्हणाला. "आनि या घरात त्याला सगळ्यांनी नावानेच हाक मारायची. अरे-तुरे करायचं. चुकला तर मारायचं."

आबांनी सांगितलं होतं. त्या घरात त्यापुढे बोलायला जागा नव्हती. पंचवीस वर्षं ज्या खुर्चीला त्याला बांधून ठेवलं होतं, त्या खुर्चीत बसून त्याने दिलेला हा एकच हुकूम. दुसरा द्यायची त्याला गरज पडली नाही, आणि स्वतःला सोडवायला तो हुकूम पुरला नाही. गाव त्याला आबाच म्हणत राहिलं. विजयाही. यंत्र चालवायला शिकलेली पोरं निळे कपडे घालून वाडीसमोरच्या वाटेने बस पकडायला जात, तेव्हा तो पानवेलींत पाठमोरा उभा असे.

एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर मी एकदा त्याच्याकडे गेलो होतो. बन्सी दीड वर्षांचा. अंगणात उकिडवा बसून सुपारीची फुलं मातीत कालवत होता. धर्माजी ओट्यावर.

"बन्सी," त्याने हाक मारली.

पोराने झटकन मान वळवली. बघितलं. पुन्हा मातीत हात घातले.

थोड्या वेळाने पुन्हा, "बन्सी."

पुन्हा मान वळली.

विजया दारात तांदूळ निवडत होती. मला म्हणाली, "दिवसभर हेच चाललंय. कायतरी काम असेल म्हनून तो बिचारा वळतो." मग धर्माजीला, "आबा, काय हवंय तुमाला त्याच्याकडून?"

"काय नाय," धर्माजी म्हणाला. "उठतो का बघतो."

आणि तो पुन्हा हाक मारायला वाकला. या वेळी पोर वैतागून उभं राहिलं, मातीचे हात चड्डीला पुसले आणि दुडुदुडु चालत ओट्याकडे यायला निघालं.